अस्सल प्रत कोणती?

प्रवासी विमान आकाशात झेपावण्यापूर्वी अनेक वर्षे कागदावर नांदत असे, आणि त्या कागदांचा संसार इतका अफाट असे की नव्या विमानाच्या निर्मितीत अभियंत्यांच्या बुद्धीइतकाच त्यांच्या दप्तराच्या शिस्तीचाही कस लागे. 1980च्या दशकापर्यंत, अमेरिकेच्या वायव्येस सिएटल शहराच्या परिसरात पसरलेल्या बोइंग कंपनीच्या कचेऱ्यांतून हजारो अभियंते व आरेखक मायलरच्या अर्धपारदर्शक तावांवर विमानाचा एकेक भाग रेखाटीत. सांगाड्याचे खाते सांगाडा रेखाटी, विजेचे खाते तारांचे मार्ग आखी, तेलदाबाच्या नळ्यांचे खाते नळ्या मांडी, आणि प्रत्येक खात्याचा नकाशा त्या खात्याच्या प्रमुखाची मंजुरी मिळाल्यावरच शेजारच्या खात्याच्या दृष्टीस पडे. परिणामी जी जागा एका अभियंत्याने तुळईसाठी राखली, तीच दुसऱ्याने नळीसाठी गृहीत धरलेली असे. आणि ही टक्कर दोघांपैकी कोणालाही आधी दिसण्याचा संभव नसे, कारण दोघांचे कागद निराळे होते.

हा दोष त्या काळच्या अभियंत्यांना ठाऊक नव्हता असे नाही. त्यावर त्यांनी योजलेला उपाय खर्चिक असला तरी प्रामाणिक होता. विमानाचा पूर्णाकृती नमुना प्रथम प्लायवूड व फोम यांचा, मग अधिक काटेकोर मापांचा, आणि अखेरीस धातूचा, असा पायरीपायरीने उभारायचा. नळी त्या नमुन्यात प्रत्यक्ष बसवून पाहायची, अडली तर वाकवायची, आणि नीट बसली म्हणजे तिचेच माप घेऊन तिचा नकाशा पक्का करायचा, असा तो शिरस्ता होता. एवढे करूनही खऱ्या विमानाची जुळणी सुरू झाली की भागाला भाग मिळत नसे, फटींत पातळ पत्र्यांच्या चकत्या घालाव्या लागत, नकाशे परत जात, दुरुस्त होऊन येत, आणि तोवर त्याच चुकीच्या नकाशाबरहुकूम दुसऱ्या विमानाचे भाग घडून गेलेले असत. बदल, चूक आणि पुनःकाम या तीन खात्यांवर खर्ची पडणारा पैसा हा विमाननिर्मितीचा अटळ भार होय, अशी त्या धंद्याची जणू श्रद्धाच होऊन बसली होती.

ऑक्टोबर 1990मध्ये युनायटेड एअरलाइन्सने 34 विमाने पक्की आणि आणखी 34 विमानांचा पर्याय राखून बोइंगला जी मागणी नोंदवली, तिच्यापासून 777 या विमानाचा प्रकल्प अधिकृतपणे सुरू झाला. आणि हे विमान संपूर्णपणे संगणकावर त्रिमितीय प्रतिरूपांच्या साहाय्याने आखायचे, असा निर्णय कंपनीने त्याच सुमारास घेतला. त्यासाठी निवडलेली ‘कॅटिया’ ही संगणकप्रणाली मूळची फ्रान्सची. दासो या लढाऊ विमाने बांधणाऱ्या कंपनीने 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ती स्वतःच्या गरजेपोटी रचावयास घेतली, आणि 1981मध्ये तिच्या प्रसारासाठी दासो सिस्टीम्स ही स्वतंत्र संस्था निघाली. बोइंगमध्ये दोन हजारांहून अधिक संगणक मोठ्या मध्यवर्ती यंत्रांना जोडले गेले. पॅसिफिक महासागरापलीकडे विमानाच्या धडाचे भाग बनविणाऱ्या मित्सुबिशी, कावासाकी व फुजी या जपानी भागीदारांनाही त्याच जाळ्यात घेण्यात आले. आणि सुमारे 30 लाख सुट्या भागांचे हे विमान, त्याचा एकही भाग घडण्यापूर्वी, संगणकाच्या पटलावर जुळवून पाहता येईल अशी तजवीज झाली.

येथवरची हकीकत यंत्रांची आहे, आणि बहुतेक संस्थांच्या डिजिटल अभियांत्रिकीचा इतिहास येथेच थांबतो. यंत्रे येतात, प्रणालीचे परवाने विकत घेतले जातात, प्रशिक्षणवर्ग भरतात, आणि वर्षभराने असे आढळून येते की पूर्वी जो अभियंता पेन्सिलीने एकांतात नकाशा काढीत होता, तोच आता संगणकावर एकांतात नकाशा काढतो आहे. बोइंगची थोरवी प्रणालीच्या निवडीत शोधू नये. तेथील धुरीणांच्या ध्यानी आले की संगणक दोन भागांची टक्कर दाखवील हे खरे, पण त्यासाठी दोन्ही भागांची प्रतिरूपे एकाच वेळी, एकाच ठिकाणी आणि अपुऱ्या अवस्थेत असतानाच उपलब्ध हवीत. आणि अपुरे काम दुसऱ्याच्या नजरेस पडू देणे ही गोष्ट कुशल माणसाच्या स्वभावाला सर्वांत जड जाते.

ही अडचण लहानसहान समजू नये. पिढ्यानपिढ्या अभियंत्याची प्रतिष्ठा निर्दोष नकाशावर उभी होती; आपले काम पूर्ण झाल्याखेरीज, त्याची स्वतः पुन्हापुन्हा रुजुवात घेतल्याखेरीज ते कोणास न दाखवणे हा त्याच्या व्यवसायधर्माचा भाग होता, आणि त्या धर्माचे पालन केल्याबद्दलच त्याला बढती मिळत आली होती. अशा मनुष्याला जर उद्यापासून सांगितले की तुझे अर्धेमुर्धे प्रतिरूप सायंकाळपर्यंत सामायिक दप्तरात दाखल कर, म्हणजे शेजारच्या विभागातील कोणीही ते उघडून पाहील आणि त्यातील उणिवा मोजील, तर तो बिचकेल, दिरंगाई करील, आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नाही. दोष असेल तर तो जुन्या गुणांवर बढती देणारी व्यवस्था तशीच ठेवून नव्या वर्तनाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थापकांचा. डिजिटल अभियांत्रिकीच्या अंमलबजावणीत जे विरोध करतात ते जुनाट वृत्तीचे, अशी एक सोपी समजूत कार्यालयांतून रूढ आहे. मला ती अन्यायाची वाटते. बहुतेकदा विरोध करणारा मनुष्य आपल्या कामावर सर्वाधिक प्रेम करणारा असतो, आणि त्याला जिंकून घेतल्यावाचून ही नवी रीत कोणत्याही संस्थेत मुरत नाही.

बोइंगने त्याला जिंकण्यासाठी बसण्याची व्यवस्थाच बदलली. खात्यांच्या उभ्या भिंती मोडून 777साठी 238 संयुक्त गट स्थापन झाले, आणि प्रत्येक गटात एखाद्या भागाचा आराखडा करणाऱ्याबरोबर तो भाग कारखान्यात घडवणारा, त्यासाठी हत्यारे व साचे करणारा, साहित्य खरीदणारा, खर्चाचा हिशेब ठेवणारा आणि विमान विकले गेल्यावर त्याच्या देखभालीची चिंता वाहणारा, अशी माणसे एकत्र आली. पूर्वी ज्या प्रश्नाची कैफियत टपाल्यांमार्फत एका मजल्यावरून दुसऱ्यावर जात असे, तो आता एका टेबलाभोवती सुटू लागला. काम ठरावीक टप्प्यांनी पुढे जाई. टप्प्याच्या शेवटी सर्वांचे आराखडे गोठवायचे, संगणकाकडून टकरींची यादी काढायची, ज्याच्या त्याच्या वाट्याची टक्कर मिटवायची, आणि मगच पुढचा टप्पा उघडायचा. या रीतीमुळे अपुरे काम दाखवणे ही कोणा एकाची मानहानी न राहता सर्वांवर सारखीच येणारी रोजची गोष्ट झाली.

या कार्यात अॅलन मुलॅली या अभियंत्याचा वाटा मोठा होता. प्रकल्पाचे तेव्हाचे प्रमुख फिल काँडिट यांच्या हाताखाली 777च्या अभियांत्रिकीचे प्रमुख आणि 1992पासून संपूर्ण प्रकल्पाचे प्रमुख म्हणून त्यांनी साप्ताहिक बैठकांत एकच तत्त्व लावून धरले, ते असे की अडचण लपवू नये. जो अडचण उघड करील त्याला शासन नाही, साहाय्य मिळेल. पुढे 2006मध्ये ते फोर्ड मोटार कंपनीचे प्रमुख झाले तेव्हाही त्यांनी हीच पद्धत तेथे नेली. वरवर पाहता ही गोष्ट संगणकापासून फार दूरची वाटते. परंतु सामायिक प्रतिरूप म्हणजे तरी काय? प्रत्येकाची चूक प्रत्येकास दिसेल अशी ती व्यवस्था आहे, आणि चूक दिसणे हे जेथे दंडास पात्र ठरते तेथे लोक तिच्यात सत्य भरत नाहीत. आपल्या जवळच्या खासगी नोंदींत ते सत्य ठेवतात आणि सामायिक दप्तरात फक्त जे निर्धोक असेल तेवढेच दाखल करतात.

गिऱ्हाइकांनाही या टेबलाशी बसवण्यात आले. युनायटेड, ब्रिटिश एअरवेज, जपान एअरलाइन्स, ऑल निप्पॉन, कॅथे पॅसिफिक, क्वांटास, अमेरिकन व डेल्टा या आठ विमानकंपन्यांच्या प्रतिनिधींशी आराखड्याच्या आरंभापासून विचारविनिमय झाला. देखभाल करणाऱ्या कारागिराचा हात प्रत्येक ठिकाणी पोहोचतो की नाही हे पाहण्यासाठी संगणकात मानवी देहाचे एक प्रतिरूपही फिरवले जाई, आणि त्याच्याच साहाय्याने विमानाच्या छतावरील तांबड्या दिव्यापर्यंत पोहोचणे कारागिराला अवघड जाईल हे आधीच लक्षात आले.

तरीही बोइंगने केवळ विश्वासावर हवाला ठेवला नाही, आणि याबद्दल त्या मंडळींच्या विवेकाची मी मनापासून स्तुती करतो. संगणकावरची जुळणी खरी मानावी की नाही याची कसोटी म्हणून विमानाच्या नाकाकडील भागाचा, म्हणजे जेथे वैमानिकांचा कक्ष, तारा, नळ्या आणि उपकरणे यांची सर्वाधिक दाटी असते त्या भागाचा, एक पूर्णाकृती नमुना जुन्या पद्धतीने बांधण्यात आला. तो इतका नेमका जुळला की बाकीचे नमुने बांधण्याचा बेत सोडून देण्यात आला. अनुभवी अभियंत्यांची शंका भाषणांनी फिटत नाही. ती अशा उघड परीक्षेने फिटते, आणि परीक्षेसाठी सर्वांत अवघड भाग निवडला असेल तरच. पुष्कळ संस्था नेमके याच्या उलट करतात. त्या एखाद्या सोप्या, बाजूला पडलेल्या कामावर नवी रीत आजमावतात, यशाचा अहवाल काढतात, आणि ज्यांच्या हाती खरे काम असते त्यांना तो अहवाल काहीही सांगत नाही.

12 जून 1994 रोजी पहिले 777 उडाले, आणि पुढल्या वर्षी मे महिन्यात पहिले विमान युनायटेडच्या ताब्यात गेले. बदल, चूक आणि पुनःकाम निम्म्यावर आणण्याचे जे लक्ष्य कंपनीने ठेवले होते ते ओलांडले गेले; पहिल्या विमानाच्या धडाची जुळणी आदर्श रेषेपासून इंचाच्या फार तर 23 सहस्रांशांइतकीच ढळल्याची नोंद बोइंगने केली, आणि पूर्वी अर्ध्या इंचापर्यंतचा फरक चालवून घेतला जात असे हे ध्यानी घेतले म्हणजे जुन्या कारागिरांना या आकड्याचे केवढे नवल वाटले असेल याची कल्पना करता येते.

मात्र या यशाची एक उणी बाजू आहे, आणि ती या विषयावरील व्याख्यानांत क्वचितच सांगितली जाते. आराखडा डिजिटल झाला, पण कोणत्या विमानात कोणता भाग बसवायचा याच्या याद्या ठेवण्याची कंपनीची पद्धत दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकी विमानांच्या काळापासून चालत आलेली होती. प्रत्येक नकाशावर तो कोणत्या क्रमांकाच्या विमानांना लागू आहे याची नोंद करायची, आणि त्या नोंदी एकमेकांशी न बोलणाऱ्या शेकडो संगणकव्यवस्थांतून फिरवायच्या, असा तो कारभार. तो सुधारण्याचे मोठे काम 1990च्या दशकाच्या मध्यास हाती घेतले गेले खरे, परंतु ते पुरे होण्यापूर्वीच मागण्यांचा पूर आला, उत्पादन झपाट्याने वाढवण्यात आले, नवखे कामगार भरले गेले, सुट्या भागांचा तुटवडा पडला, आणि ऑक्टोबर 1997मध्ये 747 व 737 या दोन विमानांच्या जुळणीची कामे सुमारे महिनाभर थांबवावी लागली. त्या वर्षी बोइंगला अर्ध्या शतकात प्रथमच वार्षिक तोटा सोसावा लागला. या आपत्तीला कारणे अनेक होती, आणि सगळा दोष जुन्या याद्यांच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण एवढे उघड झाले की डिजिटल अभियांत्रिकी आराखड्याच्या खोलीत जितकी रुजली, तितकी ती भांडारात आणि जुळणीच्या शेडमध्ये रुजली नव्हती, आणि विमान बनते ते शेडमध्ये.

आता अटलांटिकच्या पलीकडे पाहू. एअरबस ही 1970मध्ये फ्रेंच व जर्मन कंपन्यांच्या सहकार्याने उभी राहिलेली आणि पुढे स्पॅनिश व ब्रिटिश भागीदारांनी विस्तारलेली संस्था 2001मध्ये एकसंध कंपनी बनली. त्याआधी, डिसेंबर 2000मध्ये, तिने ए380 या दुमजली महाविमानाचा संकल्प सोडला होता. एप्रिल 2005मध्ये ते तुलूझ येथून यशस्वीपणे उडाले. परंतु त्याच्या पोटातील सुमारे 530 किलोमीटर लांबीच्या तारांची जुडगी जेव्हा हॅम्बुर्गहून आलेल्या धडाच्या भागांत बसवावयास घेतली, तेव्हा त्या तारा ठिकठिकाणी तोकड्या पडू लागल्या. शोध घेता कारण असे निघाले की हॅम्बुर्ग आणि स्पेन येथील अभियंते कॅटियाची चौथी आवृत्ती वापरत होते, तर फ्रान्स व ब्रिटन येथील अभियंते पाचवी. आणि पाचवी आवृत्ती ही चौथीची सुधारणा नसून मुळापासून नव्याने रचलेली प्रणाली असल्याने एकीतील प्रतिरूप दुसरीत उघडताना त्याचा तपशील पुरता उतरत नसे. वजन वाचवण्यासाठी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमच्या तारा घेतल्या होत्या. त्यांना वळण देण्याचे नियम निराळे, आणि ते नियमही या देवघेवीत गळत. एकाच जमिनीचे दोन सातबारे असावेत आणि दोन्ही तलाठ्यांनी प्रामाणिकपणे नोंदी कराव्यात, तशी ही स्थिती होती.

हॅम्बुर्गहून कामगारांची पथके तुलूझला धाडण्यात आली, आणि त्यांनी तयार विमानांतील तारा उपसून नव्याने, पुष्कळशा हातांनीच, बसवण्यास आरंभ केला. 13 जून 2006 रोजी विलंबाची वार्ता जाहीर होताच दुसऱ्या दिवशी मूळ कंपनी ईएडीएसचे समभाग 26 टक्क्यांनी घसरले. जुलैमध्ये नोएल फोर्जार आणि गुस्टाफ हुम्बर्ट या दोन प्रमुखांनी राजीनामे दिले. हुम्बर्ट यांच्या जागी आलेले क्रिस्तियां स्ट्रेफही ऑक्टोबरात पायउतार झाले. पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती 15 ऑक्टोबर 2007 रोजी पडले, ठरल्या वेळेहून सुमारे दीड वर्ष उशिरा, आणि 2010पर्यंतच्या नफ्याला बसणारा फटका कंपनीने 4.8 अब्ज युरोंचा धरला.

प्रणालीच्या दोन आवृत्त्या हे या अरिष्टाचे तांत्रिक कारण झाले. त्यापाठीमागचे खरे कारण मला कारभाराचे वाटते. एकाच कंपनीत दोन आवृत्त्या राहिल्या, कारण कागदोपत्री कंपनी एक झाली तरी तिच्या चार देशांतील जुन्या संस्थांची मुखत्यारी शाबूत होती, आणि कोणती प्रत अस्सल व कोणती नक्कल हे सर्वांवर बंधनकारक होईल अशा रीतीने ठरवण्याचा अधिकार कोणा एकाच्या हाती नव्हता. हॅम्बुर्गचे अभियंते हट्टी नव्हते. चालू काम मध्येच थांबवून नव्या आवृत्तीवर जावयाचे तर वेळ, पैसा आणि प्रशिक्षण लागते, आणि ते देण्याची जबाबदारी वरच्यांनी घेतली नव्हती. ज्या कोणाला आपल्या संस्थेत डिजिटल अभियांत्रिकी आणावयाची आहे, त्याने प्रणाली विकणाऱ्यांच्या भेटी घेण्यापूर्वी हा एक प्रश्न सोडवला पाहिजे: दोन नोंदींत विसंगती आढळली तर कोणती खरी धरायची, आणि हे ठरवणाऱ्या माणसाचे म्हणणे कारखान्याचा प्रमुख मुकाट्याने मान्य करील काय?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जून 2018मध्ये डिजिटल अभियांत्रिकीचे जे धोरण जाहीर केले, त्यातील पाच उद्दिष्टांपैकी दुसरे याच अस्सल प्रतीविषयी आहे, आणि पाचवे संस्कृती व मनुष्यबळ बदलण्याविषयी. पाचवे शेवटी आले असले तरी कामाला लागताना ते पहिले धरावे, असे मला बोइंग व एअरबस यांच्या इतिहासावरून वाटते.

आपल्याकडेही हा प्रश्न परका नाही. कॅटिया ज्यांची, त्या दासो सिस्टीम्सची मोठी प्रयोगशाळा पुण्यात आहे आणि तिच्या घडणीत कितीतरी मराठी अभियंत्यांचे श्रम आहेत. मात्र तेथून थोड्याच अंतरावर, भोसरी-चाकणच्या एखाद्या सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यात आजही बहुधा त्रिमितीय प्रतिरूप आणि त्याचा कागदी नकाशा असे दोन्ही येतात, यंत्र प्रतिरूपावरून चालते, आणि तपासनीस मात्र शिक्का-सहीच्या नकाशाशीच माप ताडून पाहतो. प्रतिरूपालाच मूळ दस्तऐवज मानण्याचे अमेरिकी मानक 2003मध्ये आणि आंतरराष्ट्रीय मानक 2006मध्ये निघाले. म्हणजे नियमांची आडकाठी केव्हाच दूर झाली आहे. मोठ्या कंपनीने आपल्या पुरवठादाराला केवळ फाइल धाडून भागणार नाही. प्रतिरूपावरून मोजणी करणारे यंत्र, ते वाचणारा शिकलेला तपासनीस, आणि तंटा उद्भवल्यास प्रतिरूपच प्रमाण धरले जाईल असा करारातील शब्द, या तिन्हींची जबाबदारी तिने उचलली तरच त्या कारखान्यातील कागद सुटेल.

आणि कागद सुटल्यावर एक नवीन कर्तव्य गळ्यात पडते, ज्याचा विचार प्रारंभीच करावा लागतो. विमान तीस-चाळीस वर्षे उडते. त्याच्या अस्सल प्रतिरूपाला तितकी वर्षे वाचनीय राहिले पाहिजे, आणि दरम्यान प्रणालींच्या आवृत्त्या किती बदलतील याचा नेम नाही. म्हणूनच कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचे नसलेले, ‘स्टेप’ या नावाने ओळखले जाणारे देवघेवीचे मानक 1994पासून घडत गेले, आणि बोइंग व एअरबस हे प्रतिस्पर्धी दीर्घकालीन जतनाच्या ‘लोटार’ या प्रकल्पात एकत्र काम करू लागले. संस्थेने पहिल्याच वर्षाच्या अंदाजपत्रकात या जतनासाठी स्वतंत्र रक्कम आणि त्यासाठी जबाबदार असा एक नावानिशी नेमलेला अधिकारी ठेवावा. आणि त्या अधिकाऱ्याने दर काही वर्षांनी जुनी प्रतिरूपे प्रत्यक्ष उघडून, मूळ मापांशी त्यांची रुजुवात घेऊन, तसा दाखला दप्तरी ठेवावा.